जुन्या गार्डन ट्रॅक्टरला हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग बसवताना या चुका टाळा

पुढे लोडर लावलेला जुना गार्डन ट्रॅक्टर भरलेल्या बकेटसह वळवताना खांदे भरून येतात आणि हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा विचार मनात येतो. हे काम घरच्या वर्कशॉपमध्ये नक्कीच होऊ शकते. मात्र हायड्रॉलिक्स फक्त जोर पुरवते. तो जोर ज्या पिना, बुश आणि दांड्यांमधून चाकापर्यंत जातो, त्या हाताच्या ताकदीचा हिशेब धरून बनवलेल्या असतात. बहुतेक बिघाडांचे मूळ इथेच आहे, म्हणून पंप विकत घेण्याआधी पुढचा एक्सल उघडावा.

जॅक लावून पुढची चाके जमिनीपासून उचला, एक चाक वर-खाली धरून हलवा आणि किंगपिनची (चाक ज्या उभ्या पिनवर वळते तिची) ढिलाई बोटांना जाणवते का ते पाहा. मग स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवायला सांगून टाय रॉडच्या (पुढची दोन्ही चाके एकत्र वळवणाऱ्या दांडीच्या) बॉल जॉइंटवर हात ठेवा. टाय रॉड हलला आणि चाक हलले नाही, तर जॉइंट बदलायचाच आहे. पुष्कळदा सुकलेले ग्रीस, झिजलेले बुश आणि कमी हवेचे टायर एवढ्यामुळेच स्टिअरिंग जड झालेले असते. अशा एक्सलवर चाके वळवणारा हायड्रॉलिक सिलिंडर चढवला, तर हाताला ढिलाई कळेनाशी होते, पण ती तिथेच राहते आणि ट्रॅक्टर सरळ चालताना भरकटू लागतो.

सिलिंडर आणि ऑर्बिट्रोलचा हिशेब न करणे

हाताला येईल तो सिलिंडर आणि मिळेल तो ऑर्बिट्रोल (स्टिअरिंग फिरेल तेवढे तेल मोजून सिलिंडरला देणारे युनिट) एकत्र जोडणे ही मला सर्वांत महाग पडणारी चूक वाटते. समजा सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ४० मिमी, रॉड २० मिमी आणि स्ट्रोक (रॉडची पूर्ण चाल) २०० मिमी आहे. पिस्टनच्या पूर्ण बाजूचे क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौ. सेंमी होते, म्हणून रॉड पूर्ण बाहेर यायला सुमारे २५१ सीसी तेल लागते. आत जाताना रॉडने व्यापलेली जागा वजा होते आणि सुमारे १८८ सीसी तेल पुरते. ऑर्बिट्रोल एका फेऱ्याला ८० सीसी तेल देणारा असेल, तर एका दिशेला टोकापासून टोकापर्यंत सुमारे ३.१ फेरे आणि दुसऱ्या दिशेला सुमारे २.४ फेरे लागतील. एकाच बाजूला रॉड असलेल्या सिलिंडरमध्ये हा फरक राहणारच, त्याला बिघाड समजू नये. तो नको असेल तर दोन्ही बाजूंनी रॉड असलेला सिलिंडर घ्यावा. त्याच सिलिंडरला १६० सीसीचा ऑर्बिट्रोल जोडला, तर स्टिअरिंग जेमतेम दीड फेऱ्यात संपते, ट्रॅक्टर झटके देत वळतो आणि इंजिन बंद पडल्यावर स्टिअरिंग हाताने फिरवणे अतिशय जड जाते.

पंपाचे गणितही यावरूनच निघते. सेकंदाला एक फेरा या वेगाने ८० सीसीचा ऑर्बिट्रोल फिरवायचा, तर मिनिटाला ४.८ लिटर तेल हवे. एका फेऱ्याला ६ सीसी तेल देणारा पंप १००० आरपीएमला गळती धरूनही ही गरज भागवतो. ३ सीसीचा पंप भागवत नाही. म्हणून संथ इंजिनवर स्टिअरिंग जड आणि थ्रॉटल वाढवताच हलके होत असेल, तर संशय आधी पंपावर घ्यावा. साधा गिअर पंप वापरणार असाल, तर ऑर्बिट्रोल ओपन सेंटर प्रकारचाच (स्टिअरिंग स्थिर असताना तेल टाकीत परत जाऊ देणारा) हवा. लोड सेन्सिंगसाठी (स्टिअरिंगला किती दाब हवा ते कळवण्यासाठी) पाचवे पोर्ट असलेले युनिट स्वस्तात मिळाले म्हणून आणू नये. लोडर आणि स्टिअरिंग एकाच पंपावर चालवायचे असतील, तर प्रायॉरिटी व्हॉल्व्ह लावून स्टिअरिंगचा वाटा आधी राखून ठेवावा.

रिलीफ व्हॉल्व्ह गरजेपेक्षा कसून ठेवणे

रिलीफ व्हॉल्व्ह यंत्रणेतला जास्तीत जास्त दाब ठरवतो. वरच्याच सिलिंडरवर ७० बार दाब आला, तर रॉड सुमारे ९०० किलो जोराने ढकलते. चाक दगडाला अडले असताना हा जोर टाय रॉड वाकवतो किंवा स्टब एक्सलचा (चाक बसते त्या आखूड आसाचा) हात तोडतो. रिलीफ ३५ ते ४० बारपासून सुरू करावा, प्रेशर गेज लावून थोडा थोडा वाढवावा आणि भरलेल्या बकेटसह, ट्रॅक्टर हळू चालत असताना चाके वळू लागली की तिथेच थांबावे.

सिलिंडर चेसिसला बांधणे

गार्डन ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो. सिलिंडरचे एक टोक चेसिसला आणि दुसरे चाकाच्या हाताला जोडले, तर एक चाक खड्ड्यात जाताच दोन टोकांमधले अंतर बदलते आणि कोणी स्टिअरिंग न फिरवताही चाके वळतात. सिलिंडरची मागची पकड एक्सलवरच वेल्ड करावी, म्हणजे सगळी जोडणी एक्सलबरोबरच झुलेल. होजना मात्र झुलण्याइतकी आणि वळण्याइतकी सैल जागा ठेवावी. दोन्ही टोकांची वळणे आणि दोन्ही बाजूंचा झोल हाताने करून पाहिल्याशिवाय क्लिप पक्क्या करू नयेत.

बसवल्यानंतरचे बिघाड

स्टिअरिंग सोडल्यावर ते आपोआप फिरत राहिले, तर प्रेशर आणि रिटर्नच्या होज उलट लागल्या आहेत का हे आधी पाहावे. माझ्या एका जोडणीत होज बरोबर होत्या, तरी स्टिअरिंग फिरतच राहिले. कॉलमचे बोल्ट सैल करताच ते थांबले, कारण ब्रॅकेट जरासे तिरके असल्याने कॉलम ऑर्बिट्रोलच्या शाफ्टला खाली दाबत होता आणि आतला स्पूल (तेलाची वाट उघडणारा-मिटणारा भाग) मध्यावर परतत नव्हता. ब्रॅकेटखाली पातळ वॉशर घातल्यावर दोष गेला. चाके उलट दिशेला वळत असतील, तर सिलिंडरच्या दोन होज एकमेकींच्या जागी लावल्या की झाले. स्टिअरिंगचा आरा कालांतराने मध्यापासून सरकतो, हा मात्र दोष नव्हे. ऑर्बिट्रोलमधल्या किंचित गळतीमुळे तसे होतच असते.

स्टिअरिंग स्पंजासारखे लागत असेल आणि टाकीत फेस दिसत असेल, तर यंत्रणेत हवा आहे. पुढची चाके उचलून, इंजिन संथ ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे आणि टाकीतले तेल भरत राहावे. फेस तरीही येत राहिला, तर सक्शनची होज अरुंद आहे, आत चेपली आहे किंवा तिची क्लिप हवा ओढते आहे, असे समजावे. पंप नेमलेल्या दिशेच्या उलट फिरवला, तर शाफ्टचे सील उडते; बेल्टने चालवायचा असेल, तर शाफ्टवर येणारा बाजूचा ताण पेलणारे वेगळे बेअरिंग हवे. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, कारण तिचा एखादा धागा सुटून स्पूलमध्ये अडकतो.

गळती शोधताना होजवरून हात कधीही फिरवू नये. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते, आणि वरून जखम क्षुल्लक दिसली तरी शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून गळती शोधावी, आणि तेल कातडीत शिरल्याची नुसती शंका आली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

ऑर्बिट्रोल आणि चाके यांच्यात कोणतीही दांडी नसते; होज फुटली की वळणे थांबते. म्हणून पहिली चाचणी मोकळ्या, सपाट जागेत घ्यावी, ट्रॅक्टर चालत्या माणसाच्या वेगाने न्यावा, मध्येच इंजिन बंद करावे आणि नुसत्या हाताच्या जोरावर तो वळवून थांबवता येतो का हे स्वतः करून पाहावे. ते जमले नाही, तर कमी सीसीचा ऑर्बिट्रोल बसवूनच ट्रॅक्टर कामाला लावावा.