बँकॉक पाहायचं तर नदीवरून

आमच्या बचतगटाच्या बायकांना घेऊन मी बँकॉकला जाऊन आले, तेव्हापासून वेंगुर्ल्यात कुणीही पहिल्यांदा परदेशी निघालं की आमच्या ओटीवर येऊन बसतं. हातात यादी असतेच: मॉल, सफारी, मसाज, रोषणाई. माझं सांगणं एकच, पहिल्या दिवशी गाडीत बसू नका. तिथले रस्ते असे तुंबतात की टॅक्सीतून पुढच्या गाडीचा नंबर तेवढा पाठ होतो. आपण खाडीकाठची माणसं, होडीत चढताना साडी कशी सावरायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको. चाओ फ्राया नदी धरा. राजवाडा, मोठी देवळं, फुलबाजार, सगळं तिच्या काठावर आहे.

निघण्याआधीचं थोडक्यात. पासपोर्टाची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या साइटवर बघा. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आणि ते फुकट आहे. कुणी पैसे मागितले तर ती साइट खोटी. ई-सिगारेट तिथे बेकायदा आहे, बरोबरच्या तरुण मंडळींना घरातूनच दम द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. आपल्याला दमटपणाची सवय आहे, पण एप्रिलचं ऊन आपल्यालाही सोसत नाही.

मुंबईहून विमान साडेचार तासांच्या आसपास घेतं. त्याहून जास्त वेळ कुडाळहून मुंबई गाठायला कोकणकन्येत जातो. उतरल्यावर घड्याळ दीड तास पुढे करा. सुवर्णभूमी विमानतळाखालूनच शहरात जाणारी रेल्वे सुटते, ती अर्ध्या तासात फाया थाईला सोडते. तिथून बीटीएस, म्हणजे खांबांवरून धावणारी गाडी. सियामला गाडी बदलून सफान टाक्सिनला उतरा. जिना उतरलात की समोर साथोर्नची जेट्टी.

इथे दोन प्रकारच्या बोटी दिसतील. निळ्या झेंड्याची पर्यटकांची, नारिंगी झेंड्याची रोजच्या माणसांची. नारिंगीत बसा, ती बरीच स्वस्त पडते. बोट धक्क्याला लागते न लागते तोच सुटते, म्हणून उतरायचं ठिकाण येण्याआधी दाराशी उभं राहायचं. धक्क्यांना नंबर आहेत. राजवाड्यासाठी ता चांग, नंबर ९. वाट फो या देवळासाठी (तिथे 'वाट' म्हणजे देऊळ) ता तियेन, नंबर ८.

राजवाड्याला सकाळी साडेआठलाच हजर व्हा. तिकीट ५०० बाट. आमच्या काकी तिथेच अडल्या, "देवळात जावक तिकीट? आमच्या सातेरीकडे कोण मागता?" खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत; साडी किंवा सलवार-कमीज असेल तर प्रश्नच नाही, अडवतात ते हाफपँटवाल्यांना. आणि दरवाज्याच्या अलीकडे एखादा इस्त्रीच्या कपड्यातला गोड बोलणारा गृहस्थ भेटेल. "आज राजवाडा बंद, पूजा आहे, चला, स्वस्तात टुकटुकने फिरवतो," म्हणेल. ते टुकटुक रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात नेऊन सोडतं. मान हलवा आणि सरळ गेटपर्यंत चालत जा.

राजवाड्याच्या आवारातच पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे. मूर्ती जेमतेम ६६ सेंटीमीटरची, प्रत्यक्षात जेडची. ऋतूप्रमाणे तिचा पोशाख वर्षातून तीनदा बदलतात, आणि तो मान राजाचा. आत फोटो काढायचे नाहीत आणि बसताना पाय मागे दुमडायचे, तळवे मूर्तीकडे करायचे नाहीत. बहुतेक लोक एवढं बघून निघतात. तुम्ही निघू नका. या देवळाभोवतीच्या ओवरीच्या भिंतींवर सगळं रामायण रंगवलेलं आहे, १७८ चित्रांत. दशावतार बघत वाढलेल्याला गोष्ट ओळखीची वाटते, आणि मग ती भलतीकडेच वळते. एका चित्रात पांढराशुभ्र हनुमान राक्षसाएवढा वाढून अख्खा मंडपच तोंडात धरून बसलाय, आत राम झोपलेला, महिरावणाने पळवू नये म्हणून. त्याच कथेत रावणाची मत्स्यकन्या मुलगी सेतूचे दगड माशांकरवी पळवते, हनुमान तिला पकडायला पाण्यात उतरतो आणि तिच्याच प्रेमात पडतो. त्यांना मुलगाही होतो! काकींनी मारुतीला तिथल्या तिथे हात जोडून माफी मागितली. या ओवरीला निवांत तास द्या.

वाट फोमधला आडवा बुद्ध ४६ मीटर लांब आहे. चेहऱ्यापेक्षा पावलं बघा, मोत्याच्या शिंपल्यांत १०८ शुभचिन्हं जडवलेली आहेत. मग ता तियेनवरून तरीने पलीकडे वाट अरुण. चिनी बश्यांचे तुकडे आणि शिंपल्या बसवलेला तो मनोरा लांबून गुळगुळीत दिसतो, जवळ गेल्यावर बशीवरची फुलं ओळखू येतात. पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच बसावं.

खाण्याचं मात्र सांभाळून. सोमवार, संकष्टी धरणाऱ्यांनी नुसतं "भाजी" म्हणून भागत नाही, तिथे भाजीतही माशाचा सॉस पडतो. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं असलेली दुकानं शोधा आणि "जे" म्हणा, म्हणजे शुद्ध शाकाहारी. तिथे लसूण-कांदासुद्धा नसतो. बाकीच्यांची चैन आहे. नारळाच्या दुधातलं खानोम क्रोक गाडीवर मिळतं, आप्प्यांसारख्याच साच्यात भाजलेलं, कडेला कुरकुरीत आणि मध्ये पातळ. आंबा-भात जरूर खा, पण हापूसशी तुलना करत बसू नका, भांडण होतं.

फुलबाजार, पाक ख्लोंग तलात, चोवीस तास उघडा असतो. संध्याकाळी जा, झेंडूचे ढीग आणि मोगऱ्याच्या विणलेल्या माळा आहेत. तिथून पाहुरात हा भारतीय वस्तीचा भाग चालत गाठता येतो, म्हणजे रात्रीच्या चपातीची सोय झाली. फणसाचा भाऊ म्हणून ड्युरियन कुणी घ्यायला लागलं, तर रस्त्यावरच संपवायला लावा. बहुतेक हॉटेलं वासामुळे ते खोलीत नेऊ देत नाहीत.