पल्प भयमासिकांचा इतिहास वाचताय? या चुका टाळा

पल्प म्हणजे लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेली जुनी अमेरिकन कथामासिकं. त्यांच्याबाबत सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'वीअर्ड टेल्स' आणि 'टेरर टेल्स' हे एकाच माळेचे मणी समजणं. 'वीअर्ड टेल्स' 1923च्या मार्चमध्ये शिकागोत सुरू झालं आणि त्यातलं भूत बहुतेकदा खरोखरचं भूत असे. दुसरं घराणं न्यूयॉर्कचं. प्रकाशक हॅरी स्टीगर पॅरिसच्या 'ग्राँ गिन्योल' या नाट्यगृहातल्या रक्तरंजित खेळांनी भारावला होता. त्यानं ऑक्टोबर 1933पासून आपल्या 'डाइम मिस्टरी' मासिकाचा चेहराच बदलला; पाठोपाठ 1934ला 'टेरर टेल्स', 1935ला 'हॉरर स्टोरीज'. तिथे तळघरं, साखळदंड, किंकाळ्या सगळं असतं, पण शेवटी बहुधा कळतं की शाप वगैरे काही नव्हतं, इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेल्या कुणाचा तरी तो उद्योग होता. कथा कुठल्या घराण्यातली हे कळत नसेल तर सरळ शेवट आधी वाचा. मजा जाते, पण घोळ मिटतो.

1954ची अमेरिकन सिनेटची सुनावणी या मासिकांच्या गळ्यात बांधू नका. ती कॉमिक्सचा मुलांवर काय परिणाम होतो याबद्दल होती. स्टीगरची भयमासिकं 1941च्या सुमारासच संपली होती.

मुखपृष्ठावरून अंक जोखू नका. 'वीअर्ड टेल्स'वरची 1930च्या दशकातली अर्धवस्त्र नायिकांची गाजलेली चित्रं मार्गारेट ब्रंडेज यांनी पेस्टल खडूंनी काढलेली. सही 'एम. ब्रंडेज', त्यामुळे चित्रकार पुरुष असावा असंच पुष्कळांना वाटे. आज ज्याच्यामुळे हे मासिक आठवतं तो लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट तेव्हा वाचकांचा पहिला लाडका नव्हता. तो मान सीबरी क्विनचा. लव्हक्राफ्टची 'द कॉल ऑफ क्थुलू' ही कथा संपादक फार्न्सवर्थ राइट यांनी आधी साभार परत केली होती. ती छापली 1928ला.

मूळ अंक हाती आला तर जपा. लाकडाच्या लगद्याचा हा स्वस्त कागद आम्लामुळे आतूनच जळत जातो. मी एक अंक टेबलावर सपाट उघडला आणि कणा कडकन मोडला. टेबलभर तपकिरी चुरा. वर चिकटपट्टी लावली. काही वर्षांनी तिचा गोंद पिवळा पडला आणि सोलताना अक्षरं घेऊन आला. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच. अर्धाच उघडा, कडेला हात देऊन. वाचायला स्कॅन वापरा, तोही पूर्ण अंकाचा. निवडक कथांच्या संग्रहात वाचकांच्या पत्रांचं 'द आयरी' हे सदर गाळलेलं असतं, आणि कुठली कथा लोकांना आवडली, कुठल्या चित्रावरून भांडणं झाली, ते तिथेच सापडतं.