हेडसेटच्या बाहेरची खोली

व्हीआर म्हणजे डोळ्यांवर चढवलेल्या हेडसेटच्या आत दिसणारं, चहूबाजूंनी वेढणारं आभासी जग. अशा कलाकृतींच्या प्रदर्शनाची खोली रचणं हे माझं काम. मी सांगलीची, नाटकाच्या नेपथ्यातून या कामात आले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्या गावात वाढल्यावर रंगमंच म्हणजे काळे पडदे आणि नेमका पाडलेला उजेड, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. व्हीआर कलाकृतींच्या पहिल्या प्रदर्शनात मी तेच केलं. मांडववाल्याकडून काळं कापड आणलं, हॉल चहूबाजूंनी झाकला, दोनच मंद दिवे ठेवले. देखणं झालं होतं. पण उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी हेडसेट लावून पाहिले, तर आतलं चित्र तरंगू लागलं, जमीन तिरकी सरकू लागली.

संगणकाला न जोडता चालणाऱ्या आजच्या बहुतेक सुट्या हेडसेटवर छोटे कॅमेरे असतात. खोलीतल्या कडा, कोपरे, डाग टिपून ते माणूस कुठे उभा आहे हे ठरवतात. अंधारात, सपाट काळ्या कापडावर त्यांना धरायला काहीच मिळत नाही. मग चौकड्यांची कनात लावून पाहिली, तर सगळ्या चौकड्या सारख्याच, त्यामुळे पुन्हा घोटाळा. शेवटी मार्केट यार्डातून हळदीची जुनी पोती आणली. प्रत्येकावर शिक्का वेगळा, कुठे अक्षर पुसट, कुठे ठिगळ. ती उसवून भिंतींवर वेडीवाकडी टाचली, छताकडे तोंड करून आणखी दिवे लावले, आणि चित्र जागेवर बसलं. थेट ऊन मात्र आत येऊ देऊ नका. भिंगातून गेलेलं ऊन हेडसेटचा आतला पडदा जाळतं आणि तो डाग कायमचा राहतो. हॉल ठरवण्याआधी तो सकाळी बघा आणि उन्हं कलल्यावर पुन्हा बघा.

हेडसेट चढला की माणसाला तुमची खोली दिसेनाशी होते, ती फक्त त्याच्या पायांना कळते. माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग हाच. आपल्याकडे दाराशी चपला काढायला कुणाला सांगावं लागत नाही, त्याचा फायदा घ्या. मी मधोमध मऊ गालिचा घालते आणि त्याच्या चारही कडांना काथ्याची खरखरीत पट्टी जमिनीला पक्की चिकटवते. नऊवारीतल्या एक आजी हात पुढे करून चालत निघाल्या होत्या. अंगठा काथ्याला लागला, त्या थबकल्या, एक पाऊल मागे आल्या आणि पुन्हा वर बघत राहिल्या. कुणी हाक मारली नाही, खांद्याला हात लावला नाही. त्यांचं बघणं तुटलं नाही, याचा मला फार आनंद झाला.

माणशी निदान दोन मीटर बाय दोन मीटर जागा लागते, पण लोक हात पसरतात, म्हणून मी दहा फूट बाय दहा फूट धरते. मदतनीस दर हेडसेटला एक हवाच.

रांगेचा हिशेब आधी कागदावर मांडा. कलाकृती आठ मिनिटांची असली, तरी घालणं, चष्मा सांभाळणं, अंबाड्यावरून पट्टा बसवणं, काढणं, पुसणं धरून पंधरा मिनिटं जातात. म्हणजे चार हेडसेटवर तासाला सोळा माणसं. साठ मुलांची सहल आली की पावणेचार तास. शिवाय बॅटरी साधारण दोन तासांत उतरते, त्यामुळे जादा हेडसेट चार्जिंगला लावलेले असू द्या.

ताटकळणाऱ्यांना काय द्यायचं, हे मी शार डेव्हिस या कॅनेडियन कलावतीच्या १९९५ मधल्या ‘ऑस्मोस’कडून शिकले. त्यात हेडसेट घातलेली व्यक्ती श्वास घेऊन वर तरंगते, सोडून खाली उतरते, आणि बाहेरच्यांना तिची सावली पडद्यावर दिसते. मी मांजरपाटाचा पडदा आणि मागे एक दिवा, एवढ्यावर ते जमवलं. रांगेतली कुजबुज थांबली, लोक सावली बघत उभे राहिले.

शिकायचं असेल तर अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, प्रदर्शन रचनेचा अभ्यासक्रम आहे. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रं घडवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते आजच उतरवून घ्या. पण त्याहीआधी गच्चीवर खडूने खोली खऱ्या मापात आखा आणि मैत्रिणीचे डोळे बांधून तिला त्यात चालवा. ती कुठे अडखळते, ते वहीत लिहा.

आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर एक बाक आणि एक आरसा ठेवा. हेडसेट काढल्यावर काहींना गरगरतं, त्यांना दोन मिनिटं टेकायला जागा हवी. बायका आधी केस आणि टिकली सारख्या करतात. आरसा मात्र हेडसेटच्या कॅमेऱ्यांना दिसणार नाही असा, पडद्याच्या पलीकडे लावा. त्यांना प्रतिबिंबातली खोलीही खरीच वाटते.