शाईत आपला स्वतःचा योद्धा कसा काढायचा

योद्धा काढायचा म्हटलं की बहुतेक जण आधी तलवार काढतात, मग पिळदार दंड, मग उडणारा शेला, आणि चेहऱ्यापर्यंत येईस्तोवर चित्र कुठेतरी आधी बघितल्यासारखं वाटायला लागतं. सुट्टीत माझ्याकडे चित्रं काढायला मुलं येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी पेन्सिल उचलूच देत नाही, एकच विचारतो, हा राखतो काय? गड, गुरं, विहीर, धान्याचं कोठार, लहान भाऊ, काहीही चालेल पण एक गोष्ट पक्की सांग. त्या उत्तरातूनच हत्यार येतं, हत्यारातून अंगावरचे कपडे येतात आणि उभं राहायची पद्धतही त्यातूनच येते.

आपल्या नाशिककरांना त्यासाठी लांब जायला नको. पेठ रोडने आशेवाडीला जा, रामशेज समोर उभा असतो. बघितल्यावर आधी नवल वाटतं कारण किल्ला काही फार उंच नाही, आणि तरी १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने घातलेला वेढा वर्षानुवर्षं चालला, आतली शिबंदी हटली नाही. वरून दगडांचा मारा व्हायचा, लाकडाच्या, कातडं चढवलेल्या तोफाही होत्या असं सांगतात. मी पायथ्याशी बसून हाच विचार करत होतो की दगड फेकणारं माणूस कोण असेल, आणि मला शेत राखणारी पोरगी दिसली. बाजरीत माळ्यावर उभी राहून गोफणीने पाखरं उडवणारी, वेढ्यात गडावर अडकलेली. नाव ठेवलं साळू. इतिहासात ती कुठे नाही, माझ्या मनातली आहे, पण तिची गोफण खरी आहे.

आता हत्याराशी जरा थांबा, इथे घाई करू नका. गोफण म्हणजे दोन दोऱ्या आणि मधे गोटा ठेवायला विणलेला झोळीसारखा भाग. एका दोरीच्या टोकाला फास असतो, तो बोटात अडकवतात, दुसरं टोक नुसतं चिमटीत धरतात, डोक्यावर गरगर फिरवून चिमूट सोडली की गोटा सुटतो आणि गोफण हातातच राहते. हे कळलं की चित्रातले निम्मे प्रश्न सुटतात. मी पहिल्या स्केचमध्ये साळूच्या डाव्या हातात ढाल दिली होती, मग लक्षात आलं की गोटा भरणार कोणत्या हाताने? म्हणून ढाल गेली पाठीवर, दोरीने बांधलेली. गोटे कुठे ठेवणार तर लुगड्याच्या ओच्यात, मग ओचा जड होऊन खाली ओढला जाणार, कापडाच्या घड्या एकाच बाजूला ताणल्या जाणार, आणि ती थोडी मागे रेलून उभी राहणार कारण पुढे वजन आहे. बघा, एका गोफणीतून पोरीचं अख्खं शरीर ठरलं. तुम्ही दांडपट्टा घ्या, भाला घ्या, कोयता घ्या, पण आधी झाडूची काठी किंवा दोरीचा तुकडा घेऊन आरशासमोर ती हालचाल स्वतः करून बघा, नाहीतर कोणालातरी करायला लावून मोबाईलवर फोटो काढा.

वजन पेलणारं अंग कसं दिसतं ते बघायचं असेल तर पांडवलेण्यावर लेणं क्रमांक ३ बघा. तिथे व्हरांड्याखाली तुळया खांद्यावर घेतलेले यक्ष आहेत. वही घेऊन जा, नुसते फोटो काढून परत येऊ नका.

मग पोस्टकार्डाहूनही लहान असे तीन-चार चौकोन आखा आणि जाड मार्करने फक्त काळी सावली काढा, डोळे नाही, दागिने नाही, काही नाही. नुसत्या काळ्या आकारावरून घरातल्या कोणालातरी विचारा हे काय करतंय. साळूचा हात डोक्याच्या मागे लपला तेव्हा माझी बहीण म्हणाली, ही केस बांधतेय का रे? मग हात बाहेर काढला, गोफण डोक्यापासून लांब नेली, तेव्हा कुठे जमलं. बाकी उंची साधारण साडेसात ते आठ डोकी ठेवा, आणि गळ्याच्या खळगीतून सरळ खाली ओळंबा सोडल्यासारखी रेघ काढा. एका पायावर भार असेल तर ती त्या पायाजवळ आली पाहिजे, नाहीतर माणूस पडतोय असं वाटतं.

सामान फार लागत नाही. आयव्हरी शीट किंवा जाड कार्टरिज पेपर, एचबी पेन्सिल, मऊ खोडरबर, वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक, टाक आणि दोन नंबरचा गोल ब्रश. टाक नसेल तर बोरू घ्या, बोरूची रेघ जाड-बारीक होते ती योद्ध्याला फार शोभते. नवीन निबवर तेलकट थर असतो, साबणाने धुवून पुसून घ्या नाहीतर शाई थेंबाथेंबाने गोळा होते. आणि ही शाई फाउंटन पेनमध्ये चुकूनही भरू नका, आत सुकून पेन कायमचा बंद पडतो.

पेन्सिल हलक्या हाताने करा. दाबलेल्या रेघेची खाच कागदात राहते आणि निब त्यात अडकते.

शाईला बसायच्या आधी उजेड ठरवा. माझा वरून डावीकडून येतो, म्हणून साळूची उजवी कड, ढालीखालची पाठ आणि ओच्याखालचा भाग काळा. पाणी न मिसळलेल्या शाईत राखाडी रंग मिळत नाही, काळं आणि कागदाचं पांढरं एवढंच, म्हणून काळं कुठे भरायचं ते मार्करवाल्या छोट्या चित्रातच ठरवून ठेवा. उजव्या हाताने काढत असाल तर डावीकडून उजवीकडे या, म्हणजे ओल्या शाईवर तळहात पडत नाही. उजेडाकडची रेघ बारीक, सावलीकडची जाड. गोफणीच्या दोरीसारखी लांब रेघ मनगटातून ओढू नका, खांद्यातून ओढा, कागद फिरवून आपल्या सोयीचा करून घ्या, आधी रद्दी कागदावर दहा वेळा काढा आणि मग एका श्वासात. थरथरली तर तिच्यावर पुन्हा रेघ मारत बसायचं नाही, तशीच सोडा, दोरीच आहे ती.

धातू कसा काढायचा हे मुलांना फार अवघड जातं. भांडी बाजारात जाऊन पितळेची घागर पाच मिनिटं नीट बघा. काळ्याकुट्ट पट्ट्याला लागूनच पांढराशुभ्र पट्टा असतो, मधली छटा जवळजवळ नसतेच, आणि दोन्हींच्या कडा धारदार. ढालीच्या फुल्यांना हेच करा. कातड्याला मात्र छोट्या तुटक रेघा, लुगड्याला घडीच्या दिशेने लांब रेघा आणि केसांना ब्रशने भरलेलं काळं. केस काळे आणि मागे रात्रही काळी असेल तर मधे केसाएवढी पांढरी फट ठेवा, नाहीतर डोकं आभाळात विरघळतं. सगळीकडे हॅचिंग, म्हणजे शेजारीशेजारी बारीक रेघा मारून सावली भरायचा मोह होतो, तो आवरा. साळूचा चेहरा मी जवळजवळ कोराच ठेवलाय, दोन डोळे, भुवईची एक जाड रेघ आणि दाबलेले ओठ, तिचं लक्ष खालच्या तंबूंवर आहे एवढं त्यात आलं पाहिजे.

खोडायची घाई नको. पावसाळ्यात आपल्याकडे हवाच इतकी ओली असते की वरून सुकलेली शाई आतून ओलीच राहते, माझी एक अख्खी शीट जुलैमध्ये अशीच फासली गेली. कागद उजेडात तिरका धरून बघा, चकाकतंय म्हणजे ओलं आहे. मी तर पावसाळ्यात रात्रभर ठेवतो. खोडल्यावर काळा थोडा फिका पडतो, तिथे ब्रशने दुसरा हात द्या. चुकलेल्या ठिकाणी पांढरा पोस्टर कलर चालतो, पण चेहऱ्यावर नको. निब आणि ब्रश लगेच धुवा, चहा नंतर.

दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला पाठीमागून काढा, आधीचं चित्र न बघता, पालथं ठेवून. ढालीची गाठ कोणत्या खांद्यावर आहे, फास कोणत्या बोटात आहे, ओच्यात गोटे किती उरलेत, जिथे हात अडेल तिथे पेन्सिलने बारीक फुली मारा आणि तेवढंच आधी ठरवा.