कुजलेला मृतदेह आणि डीएनए तपासणी: नमुना घेताना या चुका टाळा

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर गेला की विहिरीत किंवा रुळाकडेच्या झुडपात पडलेला देह दोन-तीन दिवसांत चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. मग सगळी भिस्त डीएनएवर राहते. न्यायवैद्यकशास्त्राच्या कामात मी पाहिलेली बहुतेक अपयशं मात्र प्रयोगशाळेच्या दारात पोचण्याआधीच ठरलेली होती. कुठे पीएमच्या (शवविच्छेदनाच्या) टेबलावर, कुठे मुद्देमालाच्या खोलीत.

एक प्रकरण मनातून जात नाही. विहिरीतून काढलेला पुरुषाचा देह, चादरीत गुंडाळलेला. चादर आमचीच, असं घरच्यांनी सांगितलं. त्यावर देह ताब्यात दिला, दहनही झालं. पुढे शंका निघाली तेव्हा राखून ठेवलेला नमुना तपासणीला गेला आणि अहवाल आला: डीएनए प्रोफाइल, म्हणजे माणसागणिक वेगळा असणारा डीएनएचा नमुना, मिळालं नाही. स्नायूचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला होता. त्या माणसाची आई मला विचारत होती, "डॉक्टर, ज्याला अग्नी दिला ते माझंच लेकरू होतं ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोलापुरी चादर घराघरात असते. तिच्यावरून तपासाला दिशा मिळते, ओळख पटत नाही. कपडे, चप्पल, गळ्यातला ताईत यांचंही तेच.

फॉर्मॅलिनची बरणी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फॉर्मॅलिन ऊतीचा आकार छान टिकवतं, म्हणून सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला ते हवंच. पण ते डीएनएला प्रथिनांशी जखडून टाकतं आणि त्याचे तुकडे पाडतं. पीएमच्या वेळी एकाच टेबलावर तीन-चार बरण्या मांडलेल्या असतात. व्हिसेरासाठी (विषतपासणीला काढलेल्या अवयवांसाठी) मिठाचं संपृक्त द्रावण, हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतीतपासणीसाठी) फॉर्मॅलिन, आणि घाईत डीएनएचा तुकडा चुकीच्या बरणीत जातो. डीएनएसाठीचा मऊ नमुना काहीही न घालता गोठवावा. फ्रीझरची सोय नसेल तर साधं कोरडं मीठ भरपूर घालून किंवा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावा. गावातल्या दुकानातलं मीठसुद्धा फॉर्मॅलिनपेक्षा कितीतरी बरं. बरणी भरण्याआधी लेबल लावण्याची सवय ठेवली तर ही अदलाबदल बहुतेक टळते.

हाताला येईल तो तुकडा घेणं

यकृत, प्लीहा, पोटाजवळची त्वचा हे भाग लवकर सडतात. जिवाणू आणि पेशींतलीच विकरं (एन्झाइम) तिथला डीएनए आधी फस्त करतात. देह फुगून हिरवा-काळा पडला असेल तर मऊ ऊतीवर विसंबू नका. मांडीच्या हाडाचा मधला घट्ट भाग घ्या, साधारण ५ ते १० सेंटीमीटर. सोबत न किडलेल्या, न भरलेल्या दोन-तीन दाढा घ्या. इनॅमलच्या कवचाआड दाताचा गाभा बराच काळ शाबूत राहतो. कवटी हाताशी असेल तर कानामागच्या हाडाचा आतला, दगडासारखा कठीण भाग विसरू नका. शरीरातलं सर्वांत घट्ट हाड तेच. पायाच्या अंगठ्याचं नखही जरूर घ्या. काढायला सोपं, आणि पुष्कळदा चांगला निकाल देतं. गळून पडलेल्या केसांवर मात्र आशा ठेवू नका, मुळाशिवाय त्यांतून फार थोडं हाती लागतं.

हाडाला चिकटलेलं मांस काढायला ते उकळणं ही आणखी एक जुनी खोड. कवटी स्वच्छ दिसते, आतला डीएनए तुटून नासतो. ब्लीचच्या टबात बुडवून ठेवणंही तसंच घातक. वरचा मळ काढायचं काम प्रयोगशाळेवर सोडा. तुम्ही हाड सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात घाला. ओलं हाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दुपारच्या उन्हात जीपमध्ये ठेवलं की आत बुरशीला आयतं घर मिळतं. लगेच गोठवता येत असेल तर गोष्ट वेगळी.

एकाच करवतीने दोन देहांची हाडं कापू नका. हातमोजे बदला, नमुन्यावर वाकून बोलू नका. कुजलेल्या देहातला डीएनए इतका कमी असतो की तुमच्या थुंकीचा एक थेंब त्यावर मात करतो.

चुकीच्या नातेवाइकाचं रक्त

इथे घरच्यांनी नीट ऐकावं. मृताची ओळख पटवायला आई-वडील दोघं, किंवा मृताची मुलं, ही सर्वांत भक्कम जोड. बायकोच्या एकटीच्या रक्ताचा उपयोग नाही, पण मुलांसोबत तिचंही घेतलं तर मुलात आलेला वडिलांचा वाटा वेगळा काढता येतो. एकट्या भावाचं रक्त पाठवून निश्चिंत होऊ नका. सख्ख्या भावांत जुळणी कमी-जास्त होते आणि निकाल अधांतरी राहू शकतो. मूल दत्तक असेल, कुणाला अस्थिमज्जा रोपण झालं असेल, तर ते लपवू नका. सांगताना संकोच वाटतो हे मी समजू शकतो. पंढरपुरात वारीसाठी राज्यभरातून माणसं येतात. चंद्रभागेच्या काठी सापडलेल्या देहाचे आई-वडील कुठल्या तरी दूरच्या जिल्ह्यात असतात. जवळ असलेल्या चुलत्याचं रक्त घेऊन भागवण्यापेक्षा त्यांची वाट पाहिलेली बरी.

रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्येच घ्यावं. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमधलं हेपरिन पुढच्या पीसीआर प्रक्रियेत, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या टप्प्यात, अडथळा आणतं. ट्यूब बर्फाच्या डब्यात जावी, आणि ओळखपत्रकावर फोटो, अंगठा, सही, नातं हे सगळं असावं. अपुऱ्या फॉर्ममुळे परत आलेला नमुना म्हणजे पुन्हा प्रवास, पुन्हा उन्हाळा.

अहवाल 'प्रोफाइल मिळालं नाही' असा आला तर

प्रकरण लगेच बंद करू नका. नेहमीच्या तपासणीत डीएनएवरची २०हून अधिक ठिकाणं वाचतात. त्यातले लांब तुकडे आधी तुटतात, म्हणून कधी अर्धवट प्रोफाइल येतं. तेव्हा छोट्या तुकड्यांवर चालणारी मिनी-एसटीआर तपासणी विचारा. तीही फसली तर मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे पेशीकेंद्राबाहेरचा डीएनए. एका पेशीत केंद्रातल्या डीएनएच्या दोनच प्रती असतात, याच्या शेकडो ते हजारो, म्हणून तो जुन्या हाडातही सापडतो. मात्र तो आईकडून येतो. आई, भावंडं, मावशी, मामा यांच्याशी जुळतो, वडिलांशी, किंवा मृत पुरुष असेल तर त्याच्या मुलांशी, जुळवायचा नसतो. शिवाय आईच्या आईकडून बायकांमार्फत चालत आलेल्या वंशातल्या सगळ्यांचा तो सारखाच, त्यामुळे एकट्याने नेमका माणूस ठरत नाही. पुरुषाच्या बाबतीत वाय गुणसूत्राची तपासणी वडील, भाऊ, चुलते यांच्याकडून आधार देते. मातीत पुरलेल्या हाडात ह्युमिक आम्लासारखे पदार्थ पीसीआर अडवतात. तिथे नमुना पुन्हा शुद्ध करून चालवता येतो. आणि दुसरं हाड द्या.

दुसरं हाड देता यावं, यासाठीच बेवारस देहाचं दहन करू नये. पांढरं पडेपर्यंत जळलेल्या हाडातून काही मिळण्याची आशा जवळजवळ संपते. दफन करा, एडी नंबर (अकस्मात मृत्यू नोंदीचा क्रमांक) कोरलेला धातूचा बिल्ला देहासोबत ठेवा, जागेची खूण आणि नकाशा पंचनाम्याला जोडा. दात आणि हाडाचा थोडा भाग वेगळा राखून ठेवा.

अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या विमान अपघातात बहुतेक मृतांची ओळख डीएनएवरून काही आठवड्यांत पटली, ते पाहून इथले नातेवाईक चार दिवसांत अहवाल मागतात. तिथे प्रवाशांची यादी हातात होती. आपल्याकडे मुळात कुणाशी जुळवायचं हेच माहीत नसतं. बेपत्ता माणसं आणि बेवारस देह यांच्या डीएनएची राष्ट्रीय पेढी उभारू पाहणारं डीएनए तंत्रज्ञान विधेयक सरकारने २०२३ मध्ये मागे घेतलं. म्हणून मिसिंगची तक्रार लवकर नोंदवा, आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या ठाण्यांतही चौकशी करा. ओळख पटली नाही तर मृत्यूचा दाखला अडतो, सातबाऱ्यावर वारसनोंद अडते, विमा अडतो. बेपत्ता माणूस गेला असं कायद्याने धरायला ७ वर्षं जातात. त्या ७ वर्षांत बेपत्ता माणसाचा टूथब्रश, दाढीचा रेझर, न धुतलेला कंगवा वापरू नका, फेकूही नका. कोरड्या कागदात गुंडाळून, नाव आणि तारीख लिहून, कपाटात ठेवा.