झाड कागदात बसवण्यासाठी पुठ्ठ्याची खिडकी

निष्पर्ण झाड समोर बसून रेखाटताना फांदीमागून फांदी काढत गेल्यास प्रमाण बिघडते आणि शेंडा कागदाबाहेर जातो.

१. चित्राचा कागद २० × ३० सेंटिमीटरचा असल्यास जाड पुठ्ठ्यात ६ × ९ सेंटिमीटरची खिडकी कापावी आणि तिच्या मधोमध एक उभा व एक आडवा दोरा ताणून चिकटवावा.

२. कागदावरही तशाच दोन फिकट रेषा आखाव्यात.

३. एक डोळा मिटून, हात ताठ ठेवून खिडकीतून पाहावे आणि खोड व मोठ्या फांद्या दोऱ्यांना व कडांना जेथे छेदतात ते बिंदू आधी टिपावेत.

४. त्यानंतर फांद्या न काढता त्यांच्यामधून दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्यांचे आकार काढावेत. फांद्या आपोआप उमटतात. बारीक डहाळ्यांना मात्र ही रीत लावू नये, त्या नुसत्या नजरेने काढलेल्याच बऱ्या दिसतात.

सरावासाठी माघ-फाल्गुनातली काटेसावर उत्तम, कारण तिच्या फांद्या जवळजवळ आडव्या फुटत असल्याने मधल्या मोकळ्या जागा ठळक दिसतात. वडाकडे नंतर वळावे.

कोपर किंचित वाकले तरी सारी मापे बदलतात, म्हणून पुठ्ठ्याला दोरी बांधून तिची गाठ दातांत धरावी आणि दोरी ताणलेली ठेवावी.