राजगड ते रायगड: पायवाटेचा नकाशा फोनमध्ये कसा आखावा

राजगड-तोरणा-रायगड ही काही दिवसांची चाल आखायला बसलं की बहुतेक जण राजगडापासून रेघ ओढायला लागतात. माझा आग्रह आहे, सुरुवात मधून करा. तोरण्यानंतर घाटमाथ्यावरून कोकणात उतरायच्या वाटा मोजक्याच: मोहरी गावाजवळची बोराट्याची नाळ किंवा सिंगापूरची नाळ (नाळ म्हणजे कड्यांमधून उतरणारी अरुंद घळ). पाठीवर जड सॅक असेल तर सिंगापूरची त्यातल्या त्यात सोपी. उतरायची जागा पक्की करून तिथे खूण करा आणि मग दोन्हीकडची वाट तिला जोडा.

रेघ ओढायला ब्राउझरमध्ये चालणारं जीपीएक्स स्टुडिओ पुरेसं आहे, तेही फुकट. त्याच्या तळाशी ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी बनवलेला खुला नकाशा असतो. त्यांनी पायवाट नोंदवलेली असेल तिथे रेघ आपोआप तिला चिकटते. नोंदवलेली नसेल तर मात्र ती लांबच्या डांबरी रस्त्यावरून फिरवून आणते. अशा ठिकाणी आपोआप वाट शोधण्याची सोय बंद करा आणि जवळजवळ बिंदू देत हाताने रेघ काढा.

हे बिंदू कुठे द्यायचे? गूगल अर्थ प्रोमध्ये जुनी उपग्रहचित्रं पाहता येतात. फेब्रुवारी ते मे या काळातली निवडा. गवत वाळलेलं असतं, त्यामुळे धारेवरची मळलेली वाट फिकट रेषेसारखी उठून दिसते. पावसाळ्यानंतरच्या चित्रात तीच वाट हिरवळीत बुडते. एप्रिलच्या चित्रात गावाजवळचं तळं कोरडं पडलंय का, हेही बघून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कडे. अशा साधनांमधली उंची बऱ्याचदा २००० साली अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीवर आधारलेली असते आणि तिची एक चौकट साधारण ३० मीटरची, म्हणजे तेवढ्या जागेला एकच उंची. सह्याद्रीतला उभा कातळ एवढ्या अंतरात सहज मावतो आणि वाटेच्या उंचीच्या आलेखात नुसता उतार दिसतो. अशाच एका ‘उतारा’च्या माथ्यावरून मला संध्याकाळी दोन तास मागे फिरावं लागलं आहे. म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा शेजारी ठेवा. त्यात दर २० मीटरला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा असते. रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा समजा.

वेळेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ चा नियम कामाला येतो: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. १२ किलोमीटर आणि ८०० मीटर चढ म्हणजे पावणेचार तास. आपल्या उन्हात, ओझ्यासह, मी त्याची दीडपट धरतो.

पाण्याची टाकी, मुक्कामाची गावं आणि मधेच बाहेर पडायच्या वाटा यांच्या खुणा टाका. नावं गावकरी म्हणतात तीच लिहा, म्हणजे वाट विचारताना उपयोग होतो. आखलेल्या वाटेची जीपीएक्स फाइल ऑसमँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स या फोनवरच्या नकाशा-ॲपमध्ये घ्या, त्या भागाचा नकाशा घरीच उतरवून ठेवा आणि इंटरनेट बंद करून तो उघडतो का ते तपासा. बहुतेक फोनांत एअरप्लेन मोडवरही जीपीएस चालतं आणि बॅटरी वाचते. फाइलची एक प्रत घरच्यांकडे द्या.

जंगलात ढोरवाटा फुटतात तिथे फोनपेक्षा गुराख्याचं ऐका. चालताना स्वतःचा माग नोंदवत राहा. परतल्यावर त्यावरून सुटलेली वाट ओपनस्ट्रीटमॅपवर जरूर भरा. ती गूगलच्या चित्रावरून गिरवू नका, परवान्यात ते बसत नाही.